दिवा कोणी चालू ठेवलाय?

मराठी घरात वीज तोंडाने वाचवायची असते. बटण हातानेच बंद होतं, पण त्याच्या आधी किंवा नंतर, आणि बऱ्याचदा दोन्ही वेळा, ‘दिवा कोणी चालू ठेवलाय?’ असं घरभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारावं लागतं. उत्तराची अपेक्षा नसते. दिवा कोणी चालू ठेवला हे विचारणाऱ्याला ठाऊक असतं, ठेवणाऱ्याला ठाऊक असतं आणि एव्हाना शेजारच्या फ्लॅटमध्येही कळलेलं असतं.

आमच्याकडे हे खातं सासऱ्यांकडे आहे. बाबांना नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण या खात्यातून ते निवृत्त होतील अशी चिन्हं नाहीत. रात्री बातम्या संपल्या की त्यांची फेरी निघते. ज्या खोलीतून माणूस उठला तिचा दिवा ते लगेच बंद करतात. ज्या खोलीतून माणूस उठण्याच्या विचारात आहे तिचाही करतात. बाथरूमचा दिवा बंद झाल्यावर आतून ओरडा आला, तर ‘आत आहे म्हणून सांगायचं नाही का?’ असा उलट सवाल येतो. आत जाताना सांगून जायची पद्धत त्यामुळे आमच्या घरात रूढ झाली आहे. पाहुण्यांना ती जरा विचित्र वाटते.

बाबांचा आवाज नेमका कोणत्या काळात लावला गेला, याचा मी हिशेब केला आहे. तेव्हा घरात शंभरचा पिवळा बल्ब होता. शंभर वॅटचा बल्ब दहा तास जळला की एक युनिट होतं. म्हणजे संध्याकाळी लावलेला दिवा सकाळपर्यंत राहिला तर युनिट गेलंच, आणि पगार बेताचा होता. ओरडणं अगदी रास्त होतं. मग साठचे बल्ब आले, ट्यूबा आल्या, सीएफएल आले. जानेवारी २०१५ मध्ये सरकारची ‘उजाला’ योजना आली आणि नऊ वॅटचा एलईडी बल्ब किराणा मालाच्या यादीत बसेल इतका स्वस्त झाला. नऊ वॅटच्या बल्बला एक युनिट जाळायला एकशे अकरा तास लागतात, म्हणजे सलग साडेचार दिवस. दिवा शंभरावरून नवावर आला. आवाज मात्र अजून शंभरावरच आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हा विषय काढलाच नसता. पण ज्या भिंतीवर तो नऊ वॅटचा बल्ब आहे, त्याच भिंतीवर दोन हात खाली गीझरचं बटण आहे. गीझर दोन हजार वॅटचा. तो अर्ध्या तासात एक युनिट संपवतो. पण तो ते बंद दाराआड, आवाज न करता, इवलासा लाल दिवा लावून करतो, त्यामुळे त्याला कोणी बोलत नाही. फार तर दुपारी कोणीतरी ‘अगं बाई, गीझर तसाच राहिला वाटतं’ एवढं म्हणतं, तेही हळू आवाजात. सुतक असल्यासारखं. माझं स्वच्छ मत आहे की घरात एखाद्या वस्तूवरून होणारा आरडाओरडा आणि तिचे वॅट यांचं प्रमाण व्यस्त असतं. मोबाइलचा चार्जर भिंतीत राहिला की महाभारत घडतं. टीव्हीखालचा सेट टॉप बॉक्स टीव्ही बंद असतानाही रात्रंदिवस गरम राहून दहाएक वॅट खातो, महिन्याला सात युनिटच्या घरात जातो, आणि त्याच्यावर आमच्याकडे क्रोशाचा रुमाल आहे.

कारण उघड आहे. दिवा दिसतो. त्यातून दिवा चालू ठेवणारा माणूस वयाने लहान असतो. गीझर बहुधा ओरडणाऱ्यानेच चालू ठेवलेला असतो.

महिनाअखेरीला यात स्लॅबची भर पडते. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पुढे पाचशेपर्यंत तिसरा. बाबांच्या मनात तीनशेची रेघ म्हणजे सीमारेषा आहे. ती ओलांडली की सगळीच्या सगळी युनिटं वरच्या दराने मोजतात, अशी त्यांची आणि आमच्या बिल्डिंगमधल्या यच्चयावत ज्येष्ठांची ठाम समजूत आहे. तसं नसतं. रेघेच्या वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो, अलीकडची बिचारी आपापल्या दरातच राहतात. हे मी बिल पुढे ठेवून, पेन्सिलने आकडेमोड करून दाखवलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘आकडेमोड बरोबर आहे तुझी. पण तू त्यांना ओळखत नाहीस.’ त्यामुळे रीडिंग घ्यायच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे ब्लॅकआउट असतो. त्याच आठवड्यात आम्ही अंधारात बसून एसीत जेवतो.

एसीबद्दल बोलायला हवं, कारण खरं युद्ध तिथे आहे. पाच ताऱ्यांच्या दीड टनी एसीच्या लेबलवर वर्षाला आठशे युनिटच्या आसपासचा आकडा असतो. तो वर्षाला सोळाशे तास वापर धरून काढतात, हे लेबलवरच बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि ते वाचायला चष्मा सापडत नाही. म्हणजे तासाला अर्धं युनिट. रात्रीच्या आठ तासांत चार युनिटं. त्या चार युनिटांत बाबांचा नऊ वॅटचा बल्ब रात्रंदिवस अठरा दिवस जळेल. अख्खं कुरुक्षेत्र उरकेल, तेही उजेडात.

नवीन एसी चालू केला की आपोआप चोवीस अंशांवर उभा राहतो. १ जानेवारी २०२० पासून तसा नियमच आहे. एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं सरकारचं सांगणं आहे. आमची कन्या बाहेरून आली की पहिलं काम म्हणजे त्या चोवीसाचे अठरा करणे. अठरावर ठेवला की खोली लवकर गार होते, असं तिचं शास्त्र. होत नाही. चोवीस गाठेपर्यंत मशीन जेवढं पळायचं तेवढंच पळतं, फरक इतकाच की अठरावर ठेवलं की ते चोवीसला थांबत नाही. मग पहाटे सगळे कुडकुडतात आणि आई, म्हणजे सासूबाई, कपाटाच्या वरच्या खणातून गोधड्या काढतात. बाहेर एप्रिल, आत गोधडी, आणि या दोन्हींच्या मध्ये रात्रभर पळणारं दीड टनाचं यंत्र. याला काय म्हणावं, हे मला सुचत नाही. कन्या याला ‘कोझी’ म्हणते.

ताऱ्यांचाही एक घोळ आहे. केंद्र सरकारच्या बीईई या संस्थेने २००६ पासून उपकरणांना तारे द्यायला सुरुवात केली आणि आपल्या खरेदीला कुंडली जुळवण्याचं स्वरूप आलं. पण हे तारे स्थिर नसतात. दर काही वर्षांनी कसोटी कडक होते आणि काल पाच ताऱ्यांचा असलेला एसी आज चारांत येतो. जुलै २०२२ मध्ये एसींची अशी सरसकट पदावनती झाली. बाबांना हे फार लागलं. भिंतीवरचा एसी तोच, गारवा तोच, बिल तेच, मग तारा गेला कुठे? ‘रिटायर झाल्यावर माणसाची ग्रेड कमी करतात का कुठे?’ असं ते म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी एसीचा दिवा बंद आहे ना हे दोनदा तपासलं.

सासऱ्यांच्या मनाविरुद्ध घरात झालेली एकमेव ऊर्जाक्रांती म्हणजे पंखे. जुना पंखा पंच्याहत्तर वॅटचा, नवा बीएलडीसी तिशीच्या आसपास. आई त्याला पहिल्या दिवसापासून ‘बीए एलएलबी पंखा’ म्हणतात आणि तो तसा वागतोही. काहीही सांगितलं की आधी एक टुंई आवाज काढून हरकत नोंदवतो. जुन्या पंख्याबरोबर आमच्याकडे वाटीएवढा काळा रेग्युलेटर होता. पंखा हळू केला की वीज वाचते, या श्रद्धेवर घराने काही दशकं काढली. प्रत्यक्षात तो डबा पंख्याला कमी द्यायची वीज स्वतःच्या पोटात जाळायचा आणि गरम व्हायचा. ‘रेग्युलेटर तापतोय, बरं का’ असं आई वर्षानुवर्षं सांगत होत्या. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही, कारण त्या ओरडून सांगत नव्हत्या.

नव्या पंख्याला रेग्युलेटर नाही, रिमोट आहे. वीज निम्म्याहून कमी लागते, हे खरंच. पण हॉलमध्ये एकाच कंपनीचे दोन पंखे बसवले की एकाचा रिमोट दाबल्यावर दोघंही ऐकतात. बाबांना चार हवा असतो, सोफ्यावरच्या माणसाला दोन. बाबा चार करतात, दोघांचा चार होतो. सोफा दोन करतो, दोघांचा दोन होतो. यावर तोडगा म्हणून आता एक रिमोट दाबताना दुसऱ्या पंख्याखाली वर्तमानपत्र आडवं धरून उभं राहावं लागतं. पुरवण्या जाड असल्यामुळे रविवारी हे जास्त चांगलं जमतं.

पण ऊर्जाबचतीतलं खरं डोकं कुठे असेल तर ते आमच्या स्वयंपाकघरात आहे आणि त्याची कुठे नोंद नाही. आई कुकर लावतात तेव्हा खाली वरण, मध्ये भात, वर बटाटे आणि उरलेल्या फटीत बीट, असा चार मजली कारभार एका गॅसवर होतो. राजमा आदल्या रात्री भिजतो, म्हणजे सकाळी शिट्ट्या निम्म्या लागतात. शेवटची शिट्टी होण्याआधीच गॅस बंद. उरलेलं काम आतली वाफ करते. कढईवर झाकण, झाकणावर पाणी, आणि ते तापलेलं पाणी परत त्याच भाजीत. एखाद्या इंजिनिअरने हे केलं असतं तर त्याचं पॉवरपॉइंट झालं असतं. आई हे करताना आतून एवढंच ऐकू येतं की बाबा बाहेर कोणालातरी व्हरांड्याच्या दिव्याबद्दल बोलताहेत.

रविवारच्या पुरवण्यांत अधूनमधून एक लेख येतो. जुने वाडे कसे पर्यावरणपूरक होते, मातीच्या जाड भिंती, मधला चौक, वर कौलं, उन्हाळ्यात पंखासुद्धा लागत नसे. सगळं खरं आहे. बंबाबद्दलही त्यात असतं, आणि बंब खरोखरच हुशार वस्तू होती. मध्ये निखाऱ्यांची नळी, भोवती पाणी, त्यामुळे आच बाहेर कुठे वाया जायलाच जागा नाही. असा लेख मी एकदा आईंना वाचून दाखवला. आईंचं माहेर वाईचं, वाड्यातलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पहाटे उठून बंब पेटवायला कोण होतं, ते लिहिलंय का त्यात?’ नव्हतं लिहिलेलं. ‘आणि धूर?’ तोही नव्हता. ‘मग गीझर बंद करायला विसरले तर बोलू नये मला,’ असं म्हणून त्या आत गेल्या. तेव्हापासून मी पुरवणी पंख्यासाठी वापरते.

घराबाहेर पडलं की ऊर्जेचा प्रश्न सोसायटीचा होतो, म्हणजे सुटायचा थांबतो. आमच्या बिल्डिंगला सौर बंब आधीपासून आहे. पाणी गच्चीवर तापतं आणि नळ्यांतून खाली येतं. सातव्या मजल्यावर नळ सोडला की चटका बसतो. पहिल्या मजल्यावर आधी नळीतलं बादलीभर गार पाणी ओतावं लागतं. त्यामुळे सातवा मजला विजेची बचत करतो आणि पहिला मजला पाण्याची नासाडी, अशी कामाची वाटणी झाली आहे. ओला कचरा आवारात जिरवतो. सौर, गांडूळखत, पर्जन्यजल यांपैकी काही असलं की पुणे महापालिका मालमत्ता करात सवलत देते, एकाला पाच टक्के, दोन असतील तर दहा. आमच्या गांडुळांची तब्येत कर भरायच्या सुमारास विशेष चांगली असते.

गच्चीवर सौर पॅनेल बसवायचा विषय मात्र गाजला. सोसायट्यांना सामायिक वापरासाठी पीएम सूर्यघर योजनेतून किलोवॅटमागे अठरा हजारांचं अनुदान मिळतं. लिफ्ट, पंप, पार्किंगचे दिवे यांचं बिल एवढं मोठं होतं की वीस किलोवॅट बसवावे असं ठरलं. किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिट मिळतात. कंपनीचा मुलगा हे आलेख दाखवून सांगत होता. बरीच हुशारी होती त्याच्यात, पण त्याला सर्वसाधारण सभेचा अनुभव नव्हता. ‘शंकासमाधान’ असं त्याने स्लाइडवर लिहिलं होतं.

पहिली शंका आली ती गळतीची. सातव्या मजल्यावरच्या काकांचं छत कशाबशा तडजोडीने गळायचं थांबलं होतं, त्यात भोकं पाडू देणार नाही असं ते म्हणाले. दुसरी शंका कबुतरांची. तिसरी, ग्रहणात काय होतं. मुलगा म्हणाला, ‘त्या वेळात कमी वीज होईल.’ ‘आणि पॅनेल वापरावं का त्या वेळात?’ मुलगा गप्प बसला. मग त्याने उत्साहाने सांगितलं की खूप तापलं की पॅनेलची वीज उलट थोडी घटते, म्हणून भर उन्हात फार अपेक्षा ठेवू नका. हे त्याने सांगायला नको होतं. उन्हात काम न होणारी वस्तू उन्हासाठी कशाला घ्यायची, या मुद्द्यावर सभेचा बराच वेळ गेला.

पण खरी हरकत वाळवणाची होती. चैत्र-वैशाखात आमच्या गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड, मिरच्या आणि गादीचा कापूस यांचं राज्य असतं. पॅनेलला सावलीविरहित जागा हवी आणि कुरडईलाही तीच हवी. उन्हावर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न उपविधीत कुठेच नाही. सेक्रेटरींनी सभेतच पानं उलटून पाहिलं. कंपनीच्या मुलाने सुचवलं की आपण सांगाडा आठ फूट उंच घेऊ, खाली जागा मोकळीच राहील. ‘खाली ऊन येईल का?’ दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं. ‘नाही, खाली सावली असेल,’ मुलगा आनंदाने म्हणाला. यानंतर काही क्षण कोणी काही बोललं नाही. शेवटी पाण्याच्या टाकीजवळचा पश्चिमेचा पट्टा वाळवणासाठी राखीव ठेवून ठराव झाला. बाबांनी त्याला अनुमोदन दिलं, कारण पार्किंगमधले दिवे दुपारी चालू असतात हे मांडायची संधी त्यांना त्यात मिळाली.

पॅनेल बसली, नेट मीटर लागला, आणि खरंच, बिल घसरलं. दिवसा जास्तीची वीज जाळ्यात जाते, रात्री आपण ती परत घेतो, हिशेब ३१ मार्चला मिटतो. सातव्या मजल्यावरच्या काकांची खोलीही सावलीमुळे उन्हाळ्यात जरा गार राहू लागली, पण त्यांनी ते कोणाला कळू दिलेलं नाही. त्यांच्या पत्नीने सांगितलं.

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं निरीक्षण असं की जेम्स वॅटच्या सुधारलेल्या इंजिनाला तेवढ्याच कामासाठी कोळसा कमी लागायचा, पण त्यामुळे इंग्लंडचा कोळसा वाचला नाही. इंजिन परवडायला लागलं म्हणून सगळीकडे इंजिनं झाली आणि कोळसा पूर्वीपेक्षा जास्त जळायला लागला. ज्या वॅटच्या नावाने आपण वीज मोजतो, त्याच्यापासूनच हे चालत आलेलं आहे. जेव्हन्सला आमच्या पुढच्या वार्षिक सभेला बसवायला हवं होतं. बिल वाचल्याचं खजिनदारांनी सांगितल्याबरोबर पहिली सूचना आली ती सोसायटीच्या ऑफिसात एसी बसवण्याची. मग लिफ्टबाहेर शोभेचे दिवे. मग नारळाच्या झाडांना माळा, त्याही बारमाही. ‘सूर्य आपलाच आहे आता,’ असं एक तरुण सभासद म्हणाला आणि टाळ्या पडल्या.

शेवटी सर्वांना पसंत पडलं ते कारंजं. प्रवेशद्वाराशी, जिथे सध्या तुळशीवृंदावन आणि एक नादुरुस्त सायकल आहे तिथे. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर, म्हणजे पावणेचारशे वॅट. संध्याकाळी सात ते दहा चालवायचं. तेव्हा गच्चीवरची पॅनेल झोपलेली असतात, हे मी सांगायचा प्रयत्न केला. पण नेट मीटर आहे ना, दिवसाचं ऊन रात्री परत मिळतं, असं मलाच समजावून सांगण्यात आलं. पाणी कुठलं, असं कोणीतरी विचारलं. पर्जन्यजलाचं, असं उत्तर आलं. बाबा उठून उभे राहिले. आता ते कारंज्याला विरोध करणार, अशी मला आशा वाटली. त्यांनी चष्मा काढला, सगळ्या सभेवर नजर फिरवली आणि कारंज्यातले दिवे एलईडीच असावेत, अशी दुरुस्ती सुचवली. ठराव दुरुस्तीसह एकमताने मंजूर झाला.